तांबे आणि दगड : एका विशेषणाची कुळकथा

तापी आणि गोमाई जिथे भेटतात, तिथे शहादे तालुक्यात प्रकाशा वसले आहे. यात्रेकरू त्याला दक्षिणकाशी म्हणतात आणि केदारेश्वराचे दर्शन घेऊन परततात. येथल्या पांढरीच्या टेकाडाला पंडितांनी लावलेले विशेषण मात्र फारसे कुणाच्या कानी पडत नाही. ते म्हणजे ‘कॅल्कोलिथिक’.

शब्द उच्चारायला आडमुठा, पण फोडला की सरळ. ग्रीक भाषेत ‘खाल्कोस’ म्हणजे तांबे आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड. हा लिथोस आपल्या परिचयाचा आहे. शिळाछापाच्या पोथ्या काढणाऱ्या लिथोग्राफीतला तोच. मराठीत ‘ताम्रपाषाणयुगीन’ असे त्याचे रूप रूढ झाले. खाल्कोस कधी काशालाही म्हणत. त्यात हसण्यासारखे काही नाही, आपला ‘लोह’ शब्दही आधी तांबड्या धातूचा होता.

कोपनहेगनच्या संग्रहालयात थॉमसेन यांनी दगड, कासे, लोखंड अशी तीन युगे लावली. १८६५ साली लबक यांनी दगडाच्या युगाचे जुने आणि नवे असे दोन भाग केले. दगड सुटलेला नाही आणि धातू हाती आला आहे, अशा मधल्या काळासाठी हे जोडविशेषण उपयोगी पडले.

ते वापरावे कसे? दिवाळीच्या अभ्यंगासाठी तापवलेला तांब्याचा बंब कॅल्कोलिथिक ठरत नाही. उलट, तांब्याचा कणही नसलेले मातीचे मडके ठरते. विशेषण वस्तूच्या घडणीचे नसून ती वापरणाऱ्या माणसांच्या काळाचे आहे.

१९५५ साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी प्रकाशाचे टेकाड खणले. तळच्या थरात रंगीत नक्षीची मडकी मिळाली, दगडाची बारीक पाती मिळाली. तांबे अगदी थोडे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचे नाव ज्यांना मिळाले, त्या जातीची खापरेही इथे आहेत.

काही लेखक घाईने नुसते ‘ताम्रयुग’ लिहितात. मला ते खटकते. तांबे दुर्मीळ होते. कणीस कापायला, कातडे सोलायला रोज हाती असे ते गारेचे पाते, लाकडी नाहीतर हाडाच्या मुठीत बसवलेले. ‘पाषाण’ गाळला की तो कष्टाचा सारा दिवसच गाळला जातो. या माणसांनी लिहिलेले काही उरलेले नाही. आपण दिलेले हे विशेषण तेवढे त्यांचे नाव.

थापर यांच्या मते ही वस्ती इ. स. पू. १७०० ते १३०० च्या सुमाराची. पुढे कित्येक शतके टेकाड ओसाड होते. मग लोखंड वापरणारी माणसे आली आणि त्याच ढिगावर त्यांनी घरे बांधली.