पांढरी सहा आणि ४४०

एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला आम्ही बसलो होतो. साथीला जुनी पेटी आणि नवा कीबोर्ड. दोन्हींवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा एकदम दाबली, तर सूर एकजीव होईना. लाटेसारखा फुगत नि ओसरत राहिला. कीबोर्ड बिघडला, असे संगीताच्या बाई म्हणाल्या. आम्ही घड्याळ समोर ठेवून फुगवटे मोजले. दहा सेकंदांत वीस. म्हणजे दोन्ही वाद्यांच्या कंपनसंख्येत सेकंदाला दोनाचा फरक. कीबोर्डच्या पडद्यावर ‘ग्लोबल’ विभाग उघडला. तेथे केलेला बदल एखाद्या आवाजापुरता नसतो, साऱ्या वाद्याला लागू होतो. त्यात ‘मास्टर ट्यून’समोर ४४० हा आकडा होता. तो ४३८ केला, तर फुगवटे दुप्पट झाले. ४४२ केला आणि सूर जुळला. कीबोर्ड धडधाकट होता!

पण मुळात ४४०च का? हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी तो भांडूनतंडून ठरवला आहे.

इंग्लंडमधील तुतारीवादक जॉन शोर याने १७११ मध्ये नादकाटा तयार केला आणि सूर खिशात घालून नेता येऊ लागला. संगीतकार हँडेलचा म्हणून जो नादकाटा दाखवतात, त्याची कंपनसंख्या सुमारे ४२२.५ आहे. पुढे वाद्यवृंद अधिक तेजस्वी वाटावा म्हणून सूर चढत गेला. ताण मात्र गायकांच्या गळ्यावर पडला. शेवटी फ्रान्सने समिती नेमली. तीत रोसिनी, बर्लिओझ यांच्यासारखे संगीतकार होते, तसाच कंपनांचा अभ्यासक लिसाजू हाही होता. १८५९ मध्ये ४३५ हा आकडा तेथे सरकारी हुकमाने ठरला, तोही १५ अंश सेल्सिअस तापमानाला. जर्मनीत रेशमाचा कारखानदार योहान शाइब्लर याने पन्नासहून अधिक नादकाट्यांची माळ करून, फुगवटे मोजतच १८३४ मध्ये ४४० सुचवला होता. इंग्लंडमध्ये मात्र सूर ४५२ पर्यंत चढला, आणि १८९६ मध्ये ४३९ पर्यंत खाली आणला गेला.

१९३९ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ४४० मान्य झाला. यात गणिताचाही हात होता. बीबीसी प्रमाण सूर क्वार्ट्‌झ स्फटिकापासून काढत असे. स्फटिकाची कंपने सेकंदाला १० लाख. त्यांना १००० ने भागा, ११ ने गुणा, २५ ने भागा : ४४०. परंतु ४३९ ही मूळ संख्या. लहान लहान आकड्यांनी गुणून-भागून ती मिळत नाही. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ४४० ची शिफारस केली आणि १९७५ मध्ये त्याला मानकाचे रूप दिले.

जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरचे सूर उष्णतेने सरकत. अंकीय वाद्यात क्वार्ट्‌झ आला आणि ती कटकट संपली. १९८३ मध्ये वाद्ये एकमेकांना जोडणारी ‘मिडी’ पद्धत आली. तिच्यात तारेतून पट्टीचा क्रमांक जातो, कंपनसंख्या नव्हे. आपली पांढरी सहा तेथे क्रमांक ६९. म्हणून जोडलेल्या दोन कीबोर्डांचे ‘मास्टर ट्यून’ वेगळे असेल, तर तार असूनही ते बेसूर वाजतात.

बऱ्याच कीबोर्डांवर ही सोय ५० सेंट वर, ५० खाली अशी असते. सेंट म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. हे माप अलेक्झांडर एलिस याचे. ४३५ साठी २० सेंट उतरावे लागते. हँडेलचा काटा ७० सेंट खाली, म्हणजे मर्यादेबाहेर. मग ‘ट्रान्सपोज’ने एक पट्टी उतरायचे आणि ३० सेंट चढायचे. विद्यार्थ्यांना हा हिशेब करायला जरूर द्यावा.

‘मास्टर ट्यून’ने सगळे सूर सारखेच सरकतात, त्यांच्यातील अंतरे बदलत नाहीत. समान अंतरांच्या पट्ट्यांवरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, तो चढाच राहतो. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, त्यामागची तक्रार याच जातीची होती. काही कीबोर्डांत एकेक सूर हलवण्याची वेगळी सोय असते; आमच्या त्या कीबोर्डात ती नव्हती.

संमेलनाच्या दिवशी ऐनवेळी दुसरीच पेटी आली. बाईंनी न सांगता घड्याळ काढले आणि मोजायला सुरुवात केली. या वेळी सेकंदाला तीन.