अस्थिरोपण (दंतचिकित्सा)

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी दंत-इम्प्लांट बसवण्याइतके हाड जबड्यात उरले नसेल, तर तेथे हाडाची भर घालण्याच्या शस्त्रक्रियेला दंतचिकित्सेत अस्थिरोपण म्हणतात. भर घालण्यासाठी वापरलेल्या द्रव्याला ग्राफ्ट किंवा कलम ही संज्ञा आहे. कलम हा शब्द बागकामातून परिचित असला, तरी दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. आंब्याच्या कलमात खुंटावर बांधलेली फांदीच वाढून झाड होते. जबड्यातील कलम मात्र हळूहळू झिजावे आणि त्याच्या जागी रुग्णाचे स्वतःचे हाड तयार व्हावे, अशी अपेक्षा असते.

हाड का झिजते

जबड्याच्या ज्या कड्यात दातांची मुळे रुतलेली असतात, त्या भागाला दंतकूपास्थी म्हणतात. हे हाड दाताबरोबर घडते आणि दात गेल्यावर झिजू लागते. दाताचे मूळ व हाड यांना जोडणाऱ्या तंतूंतून हाडाला रक्ताचा काही पुरवठा होत असतो. दात काढला की तो थांबतो. ओठाच्या व गालाच्या बाजूची भिंत मुळातच पातळ असते, वरच्या पुढच्या दातांपाशी ती अनेकदा १ मिमी.पेक्षाही कमी जाडीची असते, त्यामुळे ती सर्वांत आधी खचते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार दात काढल्यानंतरच्या सहा महिन्यांत कड्याची रुंदी २९ ते ६३ टक्के आणि उंची ११ ते २२ टक्के कमी होते. झीज पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते. म्हणून दात काढल्यावर काही वर्षांनी इम्प्लांटसाठी आलेल्या रुग्णात दुखणे काहीही नसताना हाड मात्र अपुरे आढळते.

हिरड्यांचा जुना आजार (पायोरिया), अपघात, जबड्यातील गाठी आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या कवळीचा दाब हीदेखील हाड कमी होण्याची कारणे आहेत. नेहमीच्या वापरातील इम्प्लांटचा व्यास सुमारे ४ मिमी. असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किमान १ ते १.५ मिमी. हाड असावे लागते. म्हणजे कड्याची रुंदी साधारण ६ ते ७ मिमी. हवी. उंचीची अडचण मागच्या दाढांपाशी येते. तेथे वरच्या जबड्यात सायनसची पोकळी, तर खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी मज्जा आडवी येते. नेमके मोजमाप कोन-बीम सीटी या त्रिमितीय चित्रणाने केले जाते.

इतिहास

स्कॉटिश शल्यविशारद विल्यम मॅक्यूएन यांनी १८८० च्या सुमारास ग्लासगो येथे एका मुलाच्या दंडाच्या हाडात इतर रुग्णांचे हाड यशस्वीरीत्या रोपले. दंतचिकित्सेत मात्र अस्थिरोपणाची गरज आधुनिक इम्प्लांटमुळे वाढली. टायटॅनियम हाडाशी घट्ट एकजीव होते, हे स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगात आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णात असे इम्प्लांट बसवले. त्याच वर्षी अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले असता तेथे नवे हाड तयार होते, असे दाखवले. त्यास कारणीभूत असलेल्या प्रथिनांपैकी एकाच्या प्रयोगशाळेत बनवलेल्या रूपाला २००७ मध्ये अमेरिकेत जबड्यातील काही शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळाली. सायनस उचलण्याची पद्धत हिल्ट टॅटम यांनी १९७० च्या दशकात विकसित केली, तर फिलिप बॉइन व त्यांच्या सहकाऱ्याने १९८० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

कलमाचे प्रकार

रुग्णाचे स्वतःचे हाड हे आजही तुलनेचे प्रमाण मानले जाते, कारण त्यात जिवंत पेशी, हाड निर्माण करण्यास प्रवृत्त करणारी प्रथिने आणि आधाराचा सांगाडा हे तिन्ही असतात. ते हनुवटीतून, अक्कलदाढेच्या मागच्या भागातून किंवा मोठी गरज असल्यास कमरेच्या हाडातून घेतात. त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, ही त्याची किंमत होय. हनुवटीतून हाड घेतल्यास खालचे पुढचे दात काही काळ बधिर राहू शकतात.

दात्याच्या मानवी हाडावर प्रक्रिया करून ते निर्जंतुक व कोरडे स्वरूपात पुरवले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊती पेढी असून तेथील गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले हाड भारतातील दंतचिकित्सेत वापरले गेले आहे. प्राणिजन्य कलमांत गाईबैलांच्या हाडातील सेंद्रिय भाग काढून उरलेले खनिज सर्वाधिक वापरात आहे. ते फार सावकाश झिजते आणि त्याचे कण वर्षांनंतरही आढळतात. हा दोष वाटला, तरी त्यामुळे भरलेल्या जागेचा आकार टिकतो. कमरेचे हाड उलट बरेच आक्रसते. कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम कलमे केवळ सांगाड्याचे काम करतात.

कलमावर झाकण्याचा पडदाही अनेकदा डुकराच्या किंवा गाईच्या कोलॅजेनपासून बनवलेला असतो. आहार वा धर्मामुळे काही रुग्णांना हे मान्य नसते. ही बाब तोंडात काहीच दिसत नसल्याने सहज राहून जाते. म्हणून संमती घेताना द्रव्याचा उगम सांगणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रिया

सर्वांत साधा प्रकार म्हणजे दात काढताच रिकाम्या खोबणीत कलम भरणे. यामुळे झीज पूर्ण थांबत नाही, मात्र कमी होते. अरुंद कड्यासाठी बाजूने कलम रचून त्यावर पडदा घालतात. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा वेगाने वाढतात. पडदा त्यांना बाहेर अडवून हाडाला वेळ मिळवून देतो. हे तत्त्व स्वीडनमधील क्रिस्टर दाहलीन व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले. मोठ्या उणिवेसाठी हाडाचा अखंड तुकडा स्क्रूने बसवला जातो.

वरच्या दाढांसाठी सायनस उचलणे हा वेगळा प्रकार आहे. जबड्याच्या बाजूच्या भिंतीत लहान खिडकी करून सायनसचे आतील पटल न फाटता अलगद वर सरकवले जाते आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत कलम भरतात. हे पटल साधारणतः १ मिमी.पेक्षा पातळ असल्याने ते फाटणे हीच या शस्त्रक्रियेतील सर्वांत नेहमीची गुंतागुंत आहे. लहान छिद्र कोलॅजेनच्या पडद्याने झाकता येते. मोठे असल्यास काम थांबवून काही महिन्यांनी पुन्हा करावे लागते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जोराने नाक शिंकरू नये आणि शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे, अशी सूचना रुग्णाला दिली जाते.

खोबणीतील कलमानंतर साधारण तीन ते चार, अखंड तुकड्यानंतर चार ते सहा आणि सायनसनंतर सहा ते नऊ महिन्यांनी इम्प्लांट बसवतात. मुळातले हाड इम्प्लांटला घट्ट धरण्याइतके असेल, तर दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

धोके व पर्याय

टाके उसवून पडदा किंवा कलम उघडे पडणे, जंतुसंसर्ग आणि कलम वाया जाणे हे प्रमुख धोके आहेत. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे ते वाढतात. हाडांच्या ठिसूळपणावरील किंवा कर्करोगातील काही औषधांमुळे, विशेषतः शिरेतून दिलेल्या बिस्फॉस्फोनेटमुळे, जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असल्याने औषधांचा पूर्वेतिहास आधी घेतला जातो.

प्रत्येक अपुऱ्या हाडाला अस्थिरोपणच हवे, हे मत आता मागे पडत आहे. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात सायनसखाली ४ ते ९ मिमी. हाड असताना सायनस उचलणे हे आखूड इम्प्लांटपेक्षा अधिक यशस्वी ठरते की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा आढळला नाही. गुंतागुंती मात्र सायनस उचललेल्या ठिकाणी अधिक होत्या. वरच्या जबड्याचे हाड फारच खंगले असल्यास गालाच्या हाडात रोवलेले लांब इम्प्लांट वापरतात. इम्प्लांटच टाळायचे असल्यास शेजारच्या दातांच्या आधाराचा ब्रिज किंवा काढघाल करता येणारी कवळी हे जुने मार्ग आहेतच. त्यांसाठी सहसा अस्थिरोपण करावे लागत नाही.