‘एनएम’ या आज्ञेची कुळकथा

सी भाषेतली फाइल कंपायलरमधून बाहेर पडली की लगेच चालवता येईल असा प्रोग्राम हाती येत नाही. मधल्या टप्प्यावर तयार होते ती ऑब्जेक्ट फाइल, जिच्यात यंत्राला कळणाऱ्या सूचना असतात, पण इतर फाइलींतल्या ज्या फंक्शनांना त्या सूचना बोलावतात त्यांचे पत्ते अजून रिकामे असतात. हे पत्ते भरण्याचे काम लिंकर करतो, आणि त्याला ते करता यावे म्हणून प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीच्या पोटात एक खतावणी ठेवलेली असते: कोणते नाव येथेच आहे, ते आरंभापासून किती अंतरावर आहे आणि कोणते बाहेरून यायचे आहे. तिलाच चिन्हसारणी किंवा सिम्बॉल टेबल म्हणतात. ती लिंकरसाठी लिहिलेली असते, माणसासाठी नव्हे; तरीही माणसाला ती वाचून दाखवणारी ‘एनएम’ ही छोटी आज्ञा युनिक्सच्या पहिल्याच पुस्तिकेत, म्हणजे ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या दस्तऐवजात, आढळते. सी भाषेला तेव्हा तिचे आजचे रूप आलेले नव्हते, आणि खुद्द युनिक्स असेंब्ली भाषेत लिहिलेले होते.

त्याच पुस्तिकेत ‘एनएम’ची भावंडेही आहेत. ‘ओडी’ फाइलीतील आशय अष्टमान अंकांत जसाच्या तसा छापते, ‘यूएन’ केवळ अपुरी राहिलेली नावे सांगते, जे काम पुढे ‘एनएम’च्याच एका पर्यायाने आपल्याकडे घेतले, आणि ‘स्ट्रिप’ ही चिन्हसारणी फाइलीतून काढूनच टाकते. नावे वाचून दाखवणारी आणि नावे पुसून टाकणारी अशा दोन्ही आज्ञा एकाच वेळी जन्माला याव्यात, यामागे युनिक्स जेथे घडले त्या बेल लॅब्जमधील त्या वेळची चणचण आहे. तेथील पीडीपी-११ यंत्राची स्मृती २४ किलोबाइट आणि डिस्क ५१२ किलोबाइट होती, त्यामुळे काम झालेली नावे सांभाळत बसणे परवडणारे नव्हते.

‘एनएम’ हे ‘नेम लिस्ट’चे, म्हणजे नामावलीचे, लघुरूप. जुन्या युनिक्समध्ये ही नामावली चुका शोधण्यापुरती नव्हती, तर यंत्रणेच्या दैनंदिन कारभाराचाच ती भाग होती. चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी ‘पीएस’ ही आज्ञा कर्नेलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, काही विचारत नसे. ती कर्नेलची फाइल उघडून तिच्या चिन्हसारणीत प्रक्रिया-तक्त्याचे नाव शोधी, त्यासमोरचा पत्ता घेई आणि थेट स्मृतीत त्या जागी जाऊन वाचन करी. कर्नेलच्या फाइलीवर कोणी ‘स्ट्रिप’ चालवले, तर यंत्र सुरळीत चाले, पण ‘पीएस’ आंधळी होई. आजच्या दृष्टीने ही व्यवस्था धोक्याची वाटते, पण तिच्यामुळे चिन्हसारणीची मांडणी सर्वांनी पाळण्याचा करार बनली, हे विसरून चालत नाही.

त्या मांडणीला ‘ए.आउट’ म्हणत. सातव्या आवृत्तीच्या, म्हणजे १९७९च्या, युनिक्समध्ये सारणीतील एक नोंद १२ बाइटांची असे: आठ बाइट नावासाठी, दोन प्रकारासाठी आणि दोन मूल्यासाठी. असेंब्ली भाषेतील नावांशी गोंधळ होऊ नये म्हणून सी कंपायलर प्रत्येक नावाच्या आधी अधोरेषा जोडी, त्यामुळे ‘मेन’ हे नाव सारणीत ‘_मेन’ असे उतरे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या वाट्याला आठांपैकी सातच अक्षरे उरत. सातव्याच आवृत्तीच्या पुस्तिकेत ‘एनएम’ प्रत्येक नावाआधी कोणते अक्षर छापते तेही नोंदलेले आहे: सूचनांच्या भागातील नावाला ‘टी’, आरंभीचे मूल्य दिलेल्या माहितीला ‘डी’, शून्याने भरायच्या जागेला ‘बी’, बाहेरून यायच्या नावाला ‘यू’, नाव फाइलीपुरतेच मर्यादित असेल, तर हेच अक्षर लहान रूपात येते. यांतील ‘बी’चे कूळ युनिक्सहून जुने आहे. ‘ब्लॉक स्टार्टेड बाय सिम्बॉल’ ही असेंब्लर-सूचना १९५०च्या दशकाच्या मध्यास युनायटेड एअरक्राफ्टमध्ये आयबीएम ७०४ यंत्रासाठी तयार झाली, आणि तिचे लघुरूप ‘बीएसएस’ अनेक यंत्रे कालबाह्य होऊनही टिकून राहिले.

अक्षरे टिकली, मांडणी मात्र टिकली नाही. एटी अँड टीच्या सिस्टिम व्ही युनिक्सने १९८३च्या सुमारास ‘कॉफ’ नावाची मांडणी आणली, त्याच दशकाच्या अखेरीस सिस्टिम व्हीच्याच चौथ्या आवृत्तीने ‘एल्फ’ आणली, आणि प्रत्येक यंत्र-उत्पादकाने यांत आपापली भर घातली. एकाच ‘एनएम’ने या सर्व मांडण्या वाचाव्यात, ही कल्पना सिग्नस या १९८९मध्ये स्थापन झालेल्या कंपनीतील अभियंत्यांनी ‘बीएफडी’ या संग्रहाद्वारे प्रत्यक्षात आणली. हे काम फार अवघड जाईल, असे जीएनयू प्रकल्पाचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवताच सिग्नसचे डेव्हिड हेन्केल-वॉलेस यांनी ‘त्यात काय एवढे’ अशा अर्थाचा जो फटकळ उद्गार काढला त्याचीच आद्याक्षरे संग्रहाला चिकटली. स्टॉलमन यांचे म्हणणे खरे ठरले, पण नाव कायम राहिले, अशी कबुली या संग्रहाच्या पुस्तिकेतच आहे. सूचनांचे असेंब्लीत उलट रूपांतर करून दाखवणारी ‘ऑब्जडम्प’ याच संग्रहावर उभी आहे. नंतर आलेली ‘रीडएल्फ’ मात्र जाणीवपूर्वक त्याच्यापासून दूर ठेवली गेली, कारण संग्रहातच दोष असेल, तर त्याचा पडताळा घेणारे साधन त्याच्यावर विसंबून चालणार नाही.

अमेरिकेत घडलेली ही साधने भारतात, दिल्ली परिसरात, दोन वाटांनी आली. पहिली वाट यंत्र-उत्पादकांची होती. डीसीएम या कंपनीतून बाहेर पडलेल्या शिव नाडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये उभारलेली एचसीएल १९८०च्या दशकात युनिक्सवर चालणारी यंत्रे बनवू लागली, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिने अनेक प्रोसेसरांवर चालणारे युनिक्स विकसित केले. या कामात आपण अमेरिकी स्पर्धकांच्या काही वर्षे पुढे होतो, हा कंपनीचा दावा असून तो दावा म्हणूनच वाचणे इष्ट. दुसरी वाट मासिकाची होती. दिल्लीच्या सायबरमीडिया समूहाच्या ‘पीसी क्वेस्ट’ने मार्च १९९६च्या अंकासोबत स्लॅकवेअर लिनक्सची सीडी दिली, या उपक्रमामागील प्रमुख नाव बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचे होते. तोवर ‘एनएम’ महागड्या यंत्रांच्या खोलीत बंदिस्त होती. आता ती घरगुती संगणकावर अंकाच्या किमतीत येऊन पोहोचली. लिनक्सही त्याच सुमारास ‘ए.आउट’ सोडून ‘एल्फ’कडे वळत होते.

नव्या शतकाच्या आरंभी वापरणारे स्वतः घडवणाऱ्यांत सामील झाले. हिताचीचा सुपरएच हा प्रोसेसर छोट्या उपकरणांत बसवला जात असे, आणि त्याच्यासाठीच्या जीसीसी कंपायलरच्या बदल-नोंदींत नोएडातील एचसीएलच्या पत्त्यावरून आलेल्या दुरुस्त्या आढळतात. पुण्यातील केपीआयटीने त्याच प्रोसेसरसाठी आणि एच८ या त्याच्या लहान भावंडासाठी जीएनयू साधनांचे तयार संच मोफत उपलब्ध करून दिले. हे काम लोकांच्या नजरेत फारसे आले नाही, कारण कंपायलरची दुरुस्ती जितकी चोख तितकी ती कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा उपकरणांत मोठी डिस्क नसते, प्रोग्राम चिपमध्येच राहतो, म्हणून तेथे ऑब्जेक्ट फाइल तपासणे ही नित्याची गरज ठरते. ‘साइझ’ ही आज्ञा सूचना, आरंभमूल्याची माहिती आणि बीएसएस या तिन्ही भागांचे आकार शेजारी शेजारी छापते. पहिला भाग कायम स्मृतीत राहतो, तिसरा चालू स्मृतीत जागा मागतो, आणि दुसऱ्याला दोन्हीकडे जागा लागते, कारण आरंभीची मूल्ये कायम स्मृतीत जपून यंत्र सुरू होताना चालू स्मृतीत उतरवावी लागतात; हा हिशेब चुकला, तर प्रोग्राम चिपमध्ये मावत नाही.

सुपरएचच्या या संचाची आणखी एक खूण आहे. इंटेल यंत्रांवरील लिनक्सने ‘एल्फ’ स्वीकारताना नावाआधीची अधोरेषा टाकून दिली, पण उपकरणांसाठीच्या सुपरएच संचाने ‘एल्फ’ घेऊनही ती ठेवली. यंत्र सुरू होताच चालणारी असेंब्लीतील छोटी फाइल लिहिताना अभियंत्याने सवयीने नुसते ‘मेन’ लिहिले, तर लिंकर ते नाव सापडत नसल्याची तक्रार करतो, आणि सी फाइलीत ‘मेन’ डोळ्यांसमोर दिसत असल्याने ती तक्रार बुचकळ्यात टाकते. दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींवर ‘एनएम’ चालवताच उलगडा होतो: एकीत ‘यू मेन’ अशी ओळ असते, दुसरीत ‘टी _मेन’ अशी, आणि असेंब्ली फाइलीत एक अधोरेषा वाढवली की काम भागते.