अंपायरचा ‘न’ कुणी पळवला?

मॅच बघताना आपण ज्याला सगळ्यात जास्त बोल लावतो, त्या माणसापासून आज सुरुवात करू. अंपायर. हा शब्द आला जुन्या फ्रेंचमधल्या ‘नॉनपेर’वरून. ‘नॉन’ म्हणजे नाही, ‘पेर’ म्हणजे बरोबरीचा, जोडीचा. दोघं भांडतायत, आणि त्यांच्या जोडीत न बसणारा तिसरा माणूस निवाडा करतोय, तो नॉनपेर. १४०० च्या आसपास इंग्रजीत तो ‘नूमपेर’ होता. मग पुढचा न गेला कुठे?

मोठ्याने म्हणून बघा. ‘अ नूमपेर’. आता भरभर म्हणा. ‘ॲन ऊमपेर’. कानाला फरक कळतो का? तेव्हाही कळला नाही.

इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘ॲन’ हे मुळात एकच. जुन्या इंग्रजीत ‘एक’ला ‘आन’ म्हणायचे, त्याचीच ही दोन रूपं. पुढे व्यंजन आलं की न गळायचा, स्वर आला की टिकायचा. त्यामुळे दोन शब्दांच्या मधे उभा असलेला न नेमका कुणाचा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. त्यात १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात फ्रेंच आणि लॅटिनचा तोरा. इंग्रजी जगली ती मुख्यतः शेतात, बाजारात, लोकांच्या तोंडी. ठरलेलं स्पेलिंग असं नव्हतंच. मग न इकडचा तिकडे गेला, तर अडवणार कोण?

सापाचंच बघा. जुन्या इंग्रजीत साप म्हणजे ‘नॅड्रे’. त्याचा झाला ‘ॲडर’, आणि आज हे नाव ब्रिटनमधल्या एकुलत्या एक विषारी सापाचं आहे. जर्मनमधल्या त्याच्या भावाने, म्हणजे ‘नाटर’ने, न सोडला नाही.

एप्रनची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. फ्रेंचमध्ये ‘नाप’ म्हणजे टेबलावर पसरायचं कापड. त्यावरून ‘नॅप्रन’, आणि न निसटल्यावर ‘एप्रन’. त्याच घरातला ‘नॅपकिन’ मात्र आपला न घट्ट धरून बसला. या दोघांचा एक चुलतभाऊ तुमच्या फोनमध्ये रोज उघडतो: ‘मॅप’! लॅटिनमध्ये ‘माप्पा’ म्हणजे कापड. जगाचा नकाशा कापडावर काढायचे, म्हणून तो मॅप. स्वयंपाकघरातला एप्रन आणि रस्ता दाखवणारा मॅप एकाच ताग्यातले निघाले.

उलटी चोरीही झाली. पालीसारखा दिसणारा, पण बेडकासारखा उभयचर असलेला एक छोटा प्राणी आहे, ‘न्यूट’. त्याचं मूळ नाव ‘एव्हेट’, मग ‘यूट’. ‘ॲन यूट’ म्हणता म्हणता न पुढे सरकला आणि न्यूट झाला. त्याच मुळातलं ‘एफ्ट’ हे रूपही कोशात टिकून आहे. न्यूटचं जमिनीवर राहणारं पिल्लू म्हणजे एफ्ट. स्क्रॅबल खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तीन अक्षरी आहे, उपयोगी पडेल! ‘निकनेम’चंही तसंच. ‘ईक’ म्हणजे आणखी, जोडीचं. ‘ईक-नेम’ म्हणजे जोडीचं नाव, आपलं टोपणनाव.

आणि हे फक्त ‘ॲन’मुळे झालं असं नाही. ‘माझा’ या अर्थाचा ‘माइन’ही त्यात सामील होता. ‘माइन एड’चा ‘नेड’ झाला, ‘माइन एलेन’ची ‘नेल’. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये विदूषक राजाला ‘नंकल’ म्हणतो. तो हाच, ‘माइन अंकल’मधून निघालेला.

म्हणजे ज्या स्पेलिंगपायी आपले मार्क कापले जातात, ज्यात एक अक्षर चुकलं की चारचौघांत हसू होतं, त्यातली काही रूपं अशा ऐकण्याच्या गोंधळातून आलीत. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्यानंतरही बराच काळ ‘नॅप्रन’ आणि ‘एप्रन’ दोन्ही लिहिले जात होते. हळूहळू एकेक रूप पक्कं झालं. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला, तोवर न कधीच घर बदलून मोकळा झाला होता.

राहता राहिलं ‘ऑरेंज’. संस्कृत ‘नारंग’, फारसीतही ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’. स्पेनपर्यंत न शाबूत. पुढे इटली-फ्रान्सच्या बाजूला तो गळाला आणि इंग्लंडला शब्द पोचला तो न-शिवायच. त्यामुळे ही चोरी इंग्रजांच्या नावावर घालता येत नाही. आपल्याकडे रंग अजून नारिंगीच आहे.

चला, भेटू पुढच्या भागात!