कूपन, टपाल आणि पुठ्ठ्याची पाणबुडी : अमेरिकी कॉमिक्समधील बालजाहिराती

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दहा-बारा सेंटांना मिळणाऱ्या कॉमिक्सच्या मलपृष्ठावर आणि आतल्या पानांवर ज्या जाहिराती छापल्या जात, त्यांच्याकडे आज बहुधा गंमत म्हणून किंवा फसवणुकीचा नमुना म्हणून पाहिले जाते. मुळात मात्र त्या टपालविक्रीचा, म्हणजे दुकान न थाटता माल थेट टपालाने घरपोच करण्याच्या व्यापाराचा भाग होत्या आणि त्यांतील चित्रे, भाषा व मालाची निवड त्या व्यापाराच्या हिशेबानेच ठरत असे. मुलाने चौकटीतले कूपन कापायचे, त्यावर नाव-पत्ता लिहायचा, सोबत पैसे किंवा मनीऑर्डर पाठवायची आणि मग कित्येक आठवडे पोस्टमनची वाट पाहायची, असा हा व्यवहार होता. विक्रेत्याच्या पत्त्यात बहुधा एखादा ‘विभाग क्रमांक’ दिलेला असे; असा विभाग प्रत्यक्षात असण्याचे कारण नव्हते, कारण मागणी कोणत्या मासिकातल्या कोणत्या जाहिरातीमुळे आली हे ओळखण्याची ती खूण होती. ज्या मजकुराला कूपने येत नसत तो गळून पडे आणि ज्याला येत तो वर्षानुवर्षे फारसा न बदलता छापला जाई.

चार्ल्स अॅटलासची जाहिरात अशीच टिकली. १८९२ साली इटलीत जन्मलेल्या आणि लहानपणी अमेरिकेत आलेल्या अँजेलो सिसिलियानोने हे नाव धारण केले होते. समुद्रकिनाऱ्यावर धटिंगणाकडून अपमानित झालेला हडकुळा तरुण शरीर कमावून परततो आणि हिशेब चुकता करतो, ही त्याची चित्रकथा कित्येक दशके चालली. तो टपालाने विकत असलेल्या व्यायामाच्या अभ्यासक्रमात एका स्नायूचा जोर दुसऱ्याविरुद्ध लावायचा असल्याने वजने किंवा साधने लागतच नसत. ग्राहकाकडे जात ते छापील धडे, आणि टपालखर्चाच्या दृष्टीने कागदासारखा सोयीचा माल दुसरा कोणता असणार?

हलका, स्वस्त आणि चित्रात भव्य दिसणारा माल, हीच या धंद्याची गरज होती. ६ डॉलर ९८ सेंटांची ‘पोलारिस’ अणुपाणबुडी सात फुटांहून लांब, दोन मुले आत बसू शकतील एवढी आणि क्षेपणास्त्रे सोडणारी म्हणून वर्णिली जाई. ती पुठ्ठ्याची होती. जाहिरातीत ती २०० पौंड कसोटीच्या फायबरबोर्डची असल्याचे लिहिलेले असे. खोकी बनवणाऱ्यांच्या व्यवहारात हा आकडा पुठ्ठा किती दाबाला फाटतो हे सांगतो, परंतु मुलाने त्याचा अर्थ पाणबुडीच्या मजबुतीशी जोडला तर त्याला दोष देता येणार नाही. वाक्य खरे आणि समज खोटा, ही या लेखनाची खरी करामत होती.

तिचा कळस हॅरल्ड फॉन ब्राउनहट या टपालविक्रेत्याने गाठला. आर्टेमिया हा खारट पाण्यातला कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव आहे. त्याची अंडी कोरड्या, सुप्त अवस्थेत दीर्घकाळ टिकतात आणि पाण्यात पडताच फुटू लागतात. हीच अंडी ब्राउनहटने १९६० पासून ‘इन्स्टंट लाइफ’ आणि १९६२ पासून ‘सी-मंकीज’ या नावाने विकली. पहिली पुडी पाणी शुद्ध करण्याची म्हणून सांगितली जाई, पण अंडी तिच्यातच असत. दिवसभराने दुसरी पुडी टाकली की तिच्यातल्या रंगामुळे एव्हाना जन्मलेले जीव एकदम नजरेत भरत आणि जीवन तत्क्षणी निर्माण झाल्याचा भास होई. जाहिरातीत मात्र जो ऑरलँडो या चित्रकाराने रंगवलेले मुकुटधारी, हसतमुख कुटुंब झळके. पुढे ही चित्रे म्हणजे व्यंगचित्रे आहेत, असा खुलासाही बारीक टायपात येऊ लागला. ब्राउनहटच्याच नावावर असलेल्या ‘क्ष-किरण चष्म्या’त पुठ्ठ्याच्या भिंगाच्या छिद्रामागे पिसाचा तुकडा बसवलेला असे, त्यातून प्रकाश विखुरून वस्तूची दुहेरी आकृती दिसे आणि आकृत्या एकमेकींवर येतात तो गडद भाग म्हणजे बोटांतले हाड, असे समजायचे.

आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात कथांबरोबर जाहिरातींनाही धारेवर धरले. चाकू-बंदुकांची विक्री आणि वयात येणाऱ्या मुलांच्या शरीराविषयीच्या न्यूनगंडावर चालणारा धंदा त्यांना विशेष खटकला. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या ‘कॉमिक्स कोड’ या आचारसंहितेने दारू, तंबाखू, चाकू, फटाके आणि जुगाराचे साहित्य यांच्या जाहिराती वर्ज्य केल्या. पुठ्ठ्याच्या पाणबुडीला मात्र त्यात अडसर नव्हता, कारण संहितेचा रोख मुलाच्या नीतीवर होता. त्याच्या खिशाची काळजी कोणी फारशी केली नाही. टपालाने मागवलेला माल मुदतीत पाठवावा किंवा पैसे परत करावेत, असा संघराज्याच्या व्यापार आयोगाचा नियम १९७५ साली आला.

तोवर या पानांचे स्वरूपही पालटू लागले होते. १९७५ पासून काही वर्षे होस्टेस या बेकरी कंपनीच्या एकपानी चित्रकथा छापल्या गेल्या. त्यांत स्पायडरमॅन, बॅटमॅन आदी नायक खलनायकांना केकच्या मोहात पाडून हरवत. कूपन, पत्ता आणि विभाग क्रमांक यांना तेथे कामच उरले नव्हते, कारण तो केक नाक्यावरच्या दुकानात मिळत होता.