लग्नाचा चौक

डहाणू-तलासरीकडील वारल्यांच्या घरीं लग्न निघालें कीं सवाष्णी कुडाची भिंत गेरूनें सारवून तीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहीत व त्यांत पालघट देवी बसवीत. धवलेरी गाणीं म्हणे. पण ह्याच लग्नापायीं नवरदेव जमीनदाराचें कर्ज काढी, आणि तें फेडण्यासाठीं नवराबायको त्याच्या दारीं वर्षानुवर्षें राबत. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. देवीची स्थापना आणि दास्याचा आरंभ एकाच मांडवांत व्हावा, ह्याहून विपरीत तें काय! १९४५ सालीं गोदावरी परुळेकर व किसान सभा ह्यांच्या पुढारीपणाखालीं वारली उठले, तेव्हां ही वेठ मोडली.

वेठ मोडली, तरी पावसाच्या एका भातावर वर्ष निघेना. कापणी होतांच बिऱ्हाड वीटभट्टीवर जावयाचें.

चौक कागदावर उतरला त्याचें मूळ दूरच्या एका अवर्षणांत आहे. बिहारांत १९६६-६७ सालीं पाऊस गेला, तेव्हां हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर ह्यांनीं मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी ह्यांस मधुबनीस धाडलें. घराच्या भिंतीवर कोहबर लिहिणाऱ्या मैथिल स्त्रियांस त्यांनीं कागद दिले, आणि त्या कागदांनीं घरांत पैसा आणला. पुढें हेच कुलकर्णी वारल्यांकडे आले. मात्र येथें वेगळेंच घडलें. मधुबनींत कुंचला बायकांच्याच हातीं राहिला. जगदंबादेवींस १९७५ सालीं पद्मश्री मिळाली. गंजाडास तो जिव्या सोमा म्हसे ह्या पुरुषानें उचलला. त्यांची प्रतिभा अस्सल होती, आणि २०११ सालची त्यांची पद्मश्री योग्य ठिकाणींच गेली. पण त्यांच्यामागून पुरुषच अधिक आले, व ज्यांची ही विद्या त्या सवाष्णी मागें पडल्या.

देवीचा चौक विकणें हा विटाळ, असें कांहीं सज्जन म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. जें चित्र कापणीनंतरच्या रिकाम्या महिन्यांत घरीं बसून लिहितां येतें, तें एका बिऱ्हाडास भट्टीपासून वांचवूं शकतें, आणि मग त्या घरच्या मुलांची शाळा सुटत नाहीं. आमचा राग आहे तो यंत्रावर. २०१४ सालीं ह्या चित्रांस भौगोलिक मानांकन मिळालें, तरी तारप्याचा नाच शहरांतल्या कपांवर व साड्यांवर खुशाल छापला जातो, आणि त्याचा दाम गंजाडास पोंचत नाहीं. अलीकडे वारल्यांच्या मुलीहि पुन्हां कागद घेऊन बसूं लागल्या आहेत. त्यांच्याकडून घेतलेलें एखादें चित्र आमच्या वाचकांच्या दिवाणखान्यांत शोभेल.