कामगार भरपाईचे दावे : वकिलांच्या प्रशिक्षणाची गरज आणि दिशा

वाराणसी : भिवंडीतील यंत्रमागावर काम करणाऱ्या कामगाराचा अपघातात मृत्यू झाला आणि त्याची पत्नी-मुले वाराणसीत राहत असतील, तर भरपाईचा दावा कोठे दाखल करावयाचा? त्यासाठी कुटुंबाला ठाणे जिल्ह्यात खेटे घालावे लागतील, असा सर्वसाधारण समज असतो. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ मधील कलम २१ नुसार मात्र अपघाताचे ठिकाण, दावेदाराचे नेहमीचे निवासस्थान किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या आयुक्तांकडे दाद मागता येते. वकिलाला ही एक तरतूद ठाऊक आहे की नाही, यावर त्या कुटुंबाचा दावा उभा राहणे वा न राहणे अवलंबून असते. या क्षेत्रातील वकिलांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न म्हणूनच केवळ वकिली व्यवसायापुरता मर्यादित राहत नाही.

शतकभराचा वारसा

देशातील सामाजिक सुरक्षेचा आद्य कायदा म्हणून ओळखला जाणारा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ रोजी अमलात आला. ब्रिटनने १८९७ मध्ये असा कायदा केला होता. भारतात हा कायदा झाला, त्या काळात ना. म. जोशी हे केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. २००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातील 'कामगार' हा शब्द जाऊन 'कर्मचारी' आला. मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळणे, हे या कायद्याचे सूत्र. अपघात कामामुळे व कामाच्या ओघात घडला, एवढे दाखवणे पुरेसे ठरते. मात्र 'कामाच्या ओघात' या शब्दांवरच वर्षानुवर्षे वाद चालतात.

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघालेल्या या कामगाराचा २२ एप्रिल २००३ रोजी कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अंतरावर अपघाती मृत्यू झाला. आयुक्तांनी ३ लाख २६ हजार १४० रुपये व व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तो पुन्हा कायम केला. घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासातला अपघातही वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा कामाशी संबंध असल्यास भरपाईस पात्र ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. अपघातापासून अंतिम निकालापर्यंत बावीस वर्षे गेली होती.

आकडेमोडीत दडलेला न्याय

या कायद्याखालील भरपाई ठरावीक सूत्राने काढली जाते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार रुपये आहे.

उदाहरणादाखल, २५ वर्षांच्या कामगाराचा अंगठा यंत्रात गेला असे समजू. या वयाचा गुणक २१६.९१ असून, अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटल्याचे अनुसूचीत नमूद आहे. वेतन १५ हजार रुपये सिद्ध झाले तर भरपाई ५ लाख ८५ हजार ६५७ रुपये होते. वेतनाचा पुरावा न दिल्याने ते ८ हजार रुपयेच धरले गेले, तर हीच रक्कम सुमारे ३ लाख १२ हजारांवर येते. हजेरीपट, बँकेचे खातेपुस्तक, सहकाऱ्याची साक्ष यांपैकी एखादा कागद वेळेत जोडण्याचे मोल असे पावणेतीन लाखांच्या घरात जाते.

दुखापत अनुसूचीत नसेल, तर वैद्यकीय दाखल्यावर भर असतो. शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून तोडावा लागला, तेव्हा तो सुतारकामापुरता संपूर्ण अपंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितले. भरपाईचे दायित्व अपघाताच्या दिवसापासून सुरू होते, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. मालकाने महिनाभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. ती मागण्यासाठी अर्जात तसे स्पष्ट लिहावे लागते, दंडापूर्वी मालकाला नोटीस मिळावी लागते आणि विमा कंपनीला प्रतिवादी करावे लागते.

वाराणसीतील वेगळे प्रश्न

वाराणसीच्या विणकरांचे अनेक माग घरातच चालतात. कच्चा माल देणारा व तयार साडी घेणारा 'गिरस्ता' हा मालक की केवळ व्यापारी, हा प्रश्न दाव्याच्या पहिल्याच पायरीवर उभा राहतो. बांधकामावरील मजूर ठेकेदाराकडे असला, तरी कलम १२ नुसार मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. मे २०१८ मध्ये वाराणसी कँट भागात बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाची तुळई कोसळून अनेकांचा बळी गेला. अशा दुर्घटनेत वाहनातील प्रवासी आणि कामावरील मजूर यांच्या दाव्यांचे कायदेशीर मार्ग वेगवेगळे असतात. कामगार राज्य विमा योजनेखाली असेल, तर या कायद्याऐवजी त्या योजनेचे लाभ घ्यावे लागतात. वकिलाने अशिलाला पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारणे आवश्यक असते.

व्यावसायिक नीती

निकालावर अवलंबून शुल्क ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा मागणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. शिवाय मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. मालकाने परस्पर वारसांच्या हाती दिलेली रक्कम भरपाई मानली जात नाही. हक्क सोडून देणारा करारही कलम १७ नुसार निरर्थक ठरतो. अंत्यविधीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सह्या घेण्याचा प्रयत्न झाला, तर या तरतुदी कुटुंबाला समजावून सांगणे हे वकिलाचे कर्तव्य ठरते.

प्रशिक्षणाची सध्याची स्थिती

भारतात वकिलीची सनद मिळाल्यानंतर नियतकालिक प्रशिक्षण सक्तीचे नाही. अखिल भारतीय बार परीक्षेतील १०० प्रश्नांपैकी कामगार व औद्योगिक कायद्यांच्या वाट्याला ४ प्रश्न येतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मात्र कामगार भरपाई हे स्वतंत्र विशेषज्ञतेचे क्षेत्र असून, परीक्षा, अनुभव आणि सहव्यावसायिकांचे मूल्यमापन यांनंतरच 'प्रमाणित विशेषज्ञ' म्हणवून घेता येते.

आपल्याकडे त्यासाठी पाया उपलब्ध आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९७० च्या दशकातच विद्यार्थ्यांच्या विधी साहाय्य केंद्राला अभ्यासक्रमाची जोड देण्याचा प्रयोग झाला. नोएडातील व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आणि मुंबईतील नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था श्रमविषयक प्रशिक्षण देतात. विधी सेवा प्राधिकरणे पॅनेलवरील वकिलांसाठी वर्ग घेतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला आणि औद्योगिक कामगार मोफत विधी साहाय्यास पात्र असल्याने हे वर्ग थेट दावेदारांपर्यंत पोहोचू शकतात.

अशा वर्गांत कलमांचे पाठांतर पुरेसे नाही. अर्जाचा मसुदा, भरपाईचा हिशेब, डॉक्टरांची उलटतपासणी, व्यवसायजन्य आजारांचा पुरावा आणि शोकग्रस्त कुटुंबाशी संवाद यांचा प्रत्यक्ष सराव हवा. दावा सामान्यतः दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो, तर आयुक्तांनी तो तीन महिन्यांत निकाली काढावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. अनावश्यक तारखा न मागणे ही शिस्तही प्रशिक्षणाचाच भाग ठरते.

नेतृत्वाचा अर्थ

या क्षेत्रात नेतृत्व म्हणजे वकील संघटनेतील पद नव्हे. कनिष्ठांना हिशेब शिकवणे, कामगार संघटनांच्या प्रतिनिधींना कागदपत्रे जपण्याची सवय लावणे, रिक्त पदे आणि रखडलेल्या वसुलीचा प्रश्न सातत्याने मांडणे हे त्याचे खरे रूप होय. कलम २४ नुसार नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही आयुक्तांपुढे कामगारातर्फे उभा राहू शकतो. त्यामुळे वकील आणि संघटना यांचे एकत्रित प्रशिक्षण अधिक उपयुक्त ठरते.

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू केल्याने ही गरज वाढली आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सातव्या प्रकरणात भरपाईच्या तरतुदी आहेत. आयुक्तांऐवजी 'सक्षम प्राधिकारी' आले असून घर व कामाची जागा यांमधील अपघातांचाही स्पष्ट उल्लेख झाला आहे. दायित्व अपघाताच्या दिवशी निर्माण होत असल्याने जुन्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याच्या आधारे आणि नवे दावे संहितेनुसार, असा दुहेरी अभ्यास वकिलांना काही वर्षे करावा लागेल. तोवर कामगाराच्या कुटुंबाने अपघाताची लेखी सूचना, वेतन व वयाचा पुरावा आणि वैद्यकीय कागद जपून ठेवणे आणि कोणत्याही समझोत्यावर सही करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घेणे हिताचे ठरेल.